आगगाडी कीं मोटार? प्रवासधर्माचा एक प्रश्न

कांहीं प्रश्न दिसावयास अगदीं क्षुल्लक असतात, आणि म्हणूनच ते कोणी विचारपूर्वक सोडवीत नाहीं. युरोपांतील चारपांच देश एका खेपेंत पाहून यावयाचे असतील, तर ते आगगाडीनें पाहावे कीं भाड्याची मोटार घेऊन पाहावे, हा त्यांतलाच एक प्रश्न होय. पुण्यामुंबईच्या पुष्कळ मध्यमवर्गीय घरांतून हल्लीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं त्याची चर्चा चालते. वडील नुकतेच निवृत्त झालेले असतात. कित्येक वर्षांची शिल्लक या एका प्रवासासाठीं बाजूस काढलेली असते. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला जातो आणि वादास तोंड लागतें. या वादांत निघणारे मुद्दे बहुधा पैशाचे, वेळेचे आणि सामानाचे असतात. ते मुद्दे खोटे आहेत असें नाहीं, आणि पुढें आम्हांसही त्यांचा विचार करावयाचा आहे. परंतु आमचें म्हणणें असें कीं, या लहानशा प्रश्नाच्या पोटांत तीन जुने आणि वजनदार प्रश्न दडलेले आहेत. स्वातंत्र्य म्हणजे काय, हा पहिला. एकाच्या सुखासाठीं दुसऱ्यानें किती झिजावें, हा दुसरा. आणि परक्याच्या घरीं पाहुण्यानें कसें वागावें, हा तिसरा. प्रवासाचें साधन निवडतांना आपण या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें देऊन चुकलेले असतों. फक्त तीं आपण दिलीं, हें आपल्या ध्यानांत आलेलें नसतें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आज आगगाडीचा पक्ष घेणारे कित्येक लोक असे बोलतात कीं, जणूं ती मूळचीच सात्त्विक आणि मोटार मूळचीच तामसी. इतिहास निराळेंच सांगतो. लिव्हरपूल व मँचेस्टर या शहरांमधील रेल्वे १८३० मध्यें सुरू झाली, आणि पुढें चौदाच वर्षांनीं, १८४४ मध्यें, केंडल ते विंडरमियर या नियोजित रेल्वेचा वर्डस्वर्थनें सुनीत लिहून निषेध केला. ती रेल्वे १८४७ मध्यें झालीच. रस्किनची तक्रार तर अशी होती कीं, आगगाडींत बसलेला मनुष्य प्रवासी राहतच नाहीं. त्याचें एक पार्सल होतें, एका ठिकाणीं चढविलेलें आणि दुसऱ्या ठिकाणीं उतरविलेलें. महात्मा गांधींनीं १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्य' या पुस्तकांत रेल्वेवर जे आरोप ठेवले, त्यांत एक असाही होता कीं, तीर्थक्षेत्रीं पूर्वीं खरे भाविकच मोठ्या कष्टानें जात, आणि रेल्वेमुळें तेथें लबाडांचीही सोय झाली. म्हणजे आज मोटारीवर जे दोष लादले जातात, ते बहुतेक सर्व आगगाडीनें एके काळीं सोसलेले आहेत. यावरून दोन गोष्टी निघतात. यंत्राच्या ठिकाणीं पुण्य किंवा पाप जन्मतः नसतें, तें त्याच्या उपयोगांत शोधावें लागतें, ही पहिली. दुसरी अशी कीं, वर्डस्वर्थच्या निषेधांत सृष्टिप्रेम होतें, तसा थोडा सोंवळेपणाही होता; कारखान्यांतल्या मजुरांचे थवे आपल्या सरोवरांच्या प्रदेशांत यावेत, हें त्याला रुचत नव्हतें. साधनाची निवड करतांना तो सोंवळेपणा आपणांस टाळला पाहिजे. मोटारीनें जाणाऱ्यास अडाणी समजणारा आगगाडीचा प्रवासी आम्हांस विशेष सुसंस्कृत वाटत नाहीं.

आतां मोटारीची बाजू तिच्या सर्व बळानिशीं मांडूं. तिचा मुख्य आधार म्हणजे स्वातंत्र्य. मनास येईल तेव्हां निघावें, आवडेल तेथें थांबावें, एखादें खेडें आवडलें तर तेथेंच रात्र काढावी. स्टेशनचें घड्याळ नाहीं, सामानाची ओढाताण नाहीं. इटलींतील तोस्काना प्रांतांत ऑर्चा नदीचें खोरें आहे. युनेस्कोनें २००४ मध्यें त्याची गणना जागतिक वारशांत केली. टेकड्या, सुरूच्या रांगा, एकटींदुकटीं शेतघरें असा तो प्रदेश. आणि पिएंझासारखें त्यांतलें देखणें गांव घेतलें, तर तेथें आगगाडीचें स्टेशनच नाहीं. असा प्रदेश पाहावयाचा तर मोटारीसारखें साधन नाहीं, हें कोणाही निःपक्षपाती मनुष्यास मान्य करावें लागेल. रस्किनचें पार्सल मोटारींत पुन्हां माणूस होतें, असें मोटारीच्या भक्तानें म्हटलें तर त्यांत कांहीं अंशीं तथ्य आहे.

परंतु हें स्वातंत्र्य जरा जवळून पाहावें. समजा, एका कुटुंबानें पॅरिसला मोटार भाड्यानें घेतली आणि स्वित्झर्लंड, इटली करीत तें व्हिएन्नास पोंचणार आहे. फ्रान्स आणि इटली या देशांत महामार्गावर ठिकठिकाणीं टोल. स्वित्झर्लंडमध्यें महामार्गासाठीं वर्षाची चिठ्ठी, चाळीस फ्रँकांची. एका दिवसाकरितां गेलें तरी तीच घ्यावी लागते. ऑस्ट्रियाची चिठ्ठी निराळी, दिवसांच्या हिशेबाची. वाटेंत जर्मनींत शिरलें तर महामार्ग मोटारींस मोफत, पण कित्येक शहरांच्या मध्यभागीं जाण्यास धुराच्या प्रमाणाची हिरवी खूण काचेवर हवी. इटलींतील जुन्या शहरांच्या आंतल्या भागांत परवानगीवांचून मोटार नेण्यास मनाई. वेशीवर कॅमेरे असतात, आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनीं, भाड्यानें देणाऱ्या कंपनीच्या आकारणीसह, घरीं येऊन पोंचते. वेगाची मर्यादा फ्रान्स-इटलीच्या महामार्गावर ताशीं १३० किलोमीटर, स्वित्झर्लंडांत १२०, जर्मनींत कांहीं भागांत मुळींच नाहीं. मोटार एका देशांत घेऊन दुसऱ्या देशांत सोडली तर त्याचा आकार वेगळा, आणि तो बहुधा जड. शिवाय रोज संध्याकाळीं ती ठेवावयाची कोठें, ही चिंता आहेच. तेव्हां मोटारवाल्यानें वेळापत्रकाची ताबेदारी सोडली हें खरें. पण तिच्या जागीं त्यानें नियमांची ताबेदारी पत्करली, आणि ती चार देशांत चार प्रकारची. आगगाडीचें बंधन एक असतें आणि तें भिंतीवर छापून लावलेलें असतें. मोटारीचीं बंधनें अनेक असतात आणि तीं बहुतेक मोडल्यावर कळतात.

येथें स्वातंत्र्याच्या दोन अर्थांचा भेद लक्षांत घेतला पाहिजे. कोणीं अडवूं नये, हा एक अर्थ. आणि आपलें मन आपल्याला हव्या त्या गोष्टीकडे लावतां यावें, हा दुसरा. मोटार पहिलें स्वातंत्र्य देते आणि त्याबद्दल दुसऱ्याचा बराच मोठा भाग वसूल करते. आगगाडी पहिल्याला मर्यादा घालते. पण मार्गाचा भार दुसऱ्यावर सोंपवून दिलेला असल्यामुळें प्रवाशाचे डोळे, कान आणि मन मोकळें राहतें. शिवाय व्यवस्था चांगली असली, तर पहिल्या स्वातंत्र्याचाही पुष्कळसा भाग आगगाडींत परत मिळतो. स्वित्झर्लंडनें १९८२ मध्यें असें वेळापत्रक अमलांत आणलें कीं, मुख्य मार्गांवर दर तासाला ठराविक मिनिटाला गाडी सुटावी. अशा देशांत एक गाडी चुकली म्हणून आकाश कोसळत नाहीं. आणि चुकण्याची भीति जेथें राहिली नाहीं, तेथें वेळापत्रकास बेडी म्हणणें न्याय्य नव्हे. त्याच देशांत टपालखात्याची मोटार १९०६ पासून उतारू नेत आहे; आज त्या पिवळ्या गाड्या आगगाडीच्या वेळा सांभाळून डोंगरांतल्या खेड्यांपर्यंत जातात. सर्वत्र अशी स्थिति नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठीं १९५९ मध्यें निघालेला युरेलचा पास आज ३३ देशांत चालतो. परंतु फ्रान्स, इटली, स्पेन येथील जलद गाड्यांत पास असूनही जागा वेगळे पैसे भरून राखून ठेवावी लागते. पास खिशांत आहे म्हणून वाटेल त्या गाडींत चढतां येईल, ही समजूत या देशांपुरती सोडून दिलेली बरी.

आतां दुसरा प्रश्न, एकाच्या सुखासाठीं दुसऱ्याच्या झिजण्याचा. आमचे एक स्नेही बँकेंतून निवृत्त झाले आणि त्यांचें सहकुटुंब युरोपास जाण्याचें ठरलें. मंडळी सहा: ते, त्यांच्या पत्नी, मुलगा, सून, दहा वर्षांचा नातू, आणि स्नेह्यांच्या मातोश्री, वय ब्याऐंशी. दिवस सतरा, पॅरिस, ल्यूसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि व्हिएन्ना. स्नेह्यांनीं दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला. सहा जणांचीं तिकिटें एकीकडे आणि एक मोठी मोटार दुसरीकडे, असें पाहतां टोल धरूनही मोटार स्वस्त पडत होती. एकट्यादुकट्या प्रवाशास गणित उलट पडतें, पण मोटार भरली म्हणजे तें असेंच फिरतें. "आणि आईला जिने चढावे लागणार नाहींत," हा त्यांचा शेवटचा मुद्दा. मोटारीचें जवळजवळ ठरलें. हिशेबांत एकच रकाना राहून गेला होता, आणि तो मुलाचा. मोटार चालविणार तो. वर्षभर संगणकापुढें बसून मिळविलेली सुटी त्यानें रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेकडे आणि पुढच्या मालमोटारीच्या पाठीकडे पाहत घालवावयाची होती. त्याला हें कोणीं विचारलें नव्हतें, आणि आपण होऊन तो बोललाही नव्हता. कर्त्या मुलानें असें बोलून दाखवावयाचें नसतें, हा आपल्या घरांतला अलिखित नियम आहे. शेवटीं आजींनींच तोंड उघडलें. त्या म्हणाल्या, "अरे, सगळ्यांना डोंगर दिसणार, मग त्याच्या वांट्याला डोंगर कधीं यायचा?"

आजींनीं विचारलेल्या या प्रश्नांत नीतिशास्त्राचा एक मोठा सिद्धांत आहे. त्याग ही थोर गोष्ट आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्याग देणाऱ्यानें द्यावयाचा असतो, घेणाऱ्यांनीं गृहीत धरावयाचा नसतो. गृहीत धरलेला त्याग हा वस्तुतः एक प्रकारचा कर होय, आणि आपल्या कुटुंबसंस्थेंत असे कर प्रेमाच्या नांवाखालीं पुष्कळ वसूल होतात. कधीं ते मुलाकडून घेतले जातात, कधीं सुनेकडून, आणि सर्वांत अधिक स्वयंपाकघरांतून. प्रवास हा त्यांतून सर्वांनीं एकदम सुटण्याचा दुर्मिळ प्रसंग असतो. आगगाडीच्या डब्यांत सहाही जणांची योग्यता सारखी. चालविणारा कोणी नाहीं, नकाशा पाहून रस्ता सांगणारी कोणी नाहीं, आणि म्हणून चुकलेल्या वळणाबद्दल नवराबायकोंत होणारें भांडणही नाहीं.

या गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. 'आईसाठीं मोटार' असें स्नेही म्हणत होते. पण आईलाही कोणीं विचारलें नव्हतें. वृद्ध माणसें पुष्कळ वेळां घरच्या वादांत पक्षकार न राहतां नुसता मुद्दा होऊन बसतात. त्यांच्या नांवानें निर्णय घेतले जातात, आणि ते त्यांना मागाहून कळतात. विचारल्यावर आजींनीं सांगितलें, "मला जिन्याची भीति नाहीं, घाईची आहे. मला वेळ द्या, मी चढेन." हें उत्तर मिळतांच प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. आठ मिनिटांत गाडी बदलावयाची असेल तर आगगाडी त्यांच्यासाठीं छळ ठरली असती. तासाभराचें अंतर ठेवलें, दिवसास एकच गाडी धरली, आणि चढउतारास मदत हवी म्हणून रेल्वेला आगाऊ कळविलें, तर तीच सुखाची ठरणार होती. अशी मदत देण्याची व्यवस्था युरोपांतील रेल्वेंत आहे. शेवटीं त्या मंडळींनीं लांबचे टप्पे आगगाडीनें करावयाचे ठरविलें, आणि फ्लॉरेन्सजवळच्या खेड्यांसाठीं तीन दिवस चालकासह मोटार घेतली.

तिसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं मोटार चालविणाराच्या अधिकाराबद्दल दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. जिनीव्हा येथें १९४९ मध्यें झालेल्या रस्तावाहतुकीच्या कराराच्या आधारें आपलें परिवहन कार्यालय आंतरराष्ट्रीय परवाना देतें, आणि तो एक वर्ष चालतो. तो मिळाला म्हणजे अधिकार मिळाला. पात्रता मिळाली असें मात्र नव्हे. आपण डाव्या बाजूनें गाडी हांकणारे लोक. युरोपांत ब्रिटन, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस एवढे सोडले तर बाकी सर्वत्र उजवी बाजू. ही अदलाबदल किती अवघड असते, हें पाहावयाचें असेल तर स्वीडनचें उदाहरण घ्यावें. ३ सप्टेंबर १९६७ या एका दिवशीं त्या देशानें डावी बाजू सोडून उजवी धरली. आणि त्यासाठीं आधीं कित्येक वर्षें तयारी केली, पाट्या बदलल्या, घरोघर पुस्तिका वांटल्या. एका संबंध राष्ट्राला जें शिकावयास वर्षें लागलीं, तें विमानांत रात्रभर जागलेला मनुष्य विमानतळावर किल्ली हातांत घेतल्याबरोबर आत्मसात करील, असें मानणें धाडसाचें आहे. खूण नसलेल्या चौकांत उजवीकडून येणाऱ्यास आधीं वाट द्यावयाची, पादचाऱ्यानें पट्ट्यांवर पाऊल टाकलें कीं गाडी थांबवावयाची, भोंगा वाजवावयाचा नाहीं, हे तेथले संस्कार आहेत. आणि संस्कार परवान्याबरोबर मिळत नाहींत.

धोका पत्करणें आणि धोका लादणें या दोन गोष्टींत नीतिदृष्ट्या महदंतर आहे. आपल्या जिवावर आपण वाटेल तें साहस करावें. परंतु ज्या लहान गांवांतून आपली मोटार जाते, तेथल्या शाळेंतून घरीं निघालेल्या मुलानें या साहसास संमति दिलेली नसते. विमा पैसे भरून देतो, एवढेंच. याचा अर्थ परदेशीं मोटार चालवूंच नये असा आम्ही करीत नाहीं. ज्याला चालवावयाची आहे त्यानें पहिला दिवस झोपेंत काढावा, शहराबाहेर शांत रस्त्यावर हात बसवून घ्यावा, त्या त्या देशाचे नियम घरूनच वाचून जावें, आणि गिअर हातानें बदलावयाची संवय नसेल तर तशी गाडी आधींच सांगून टाळावी. एवढे कष्ट घेण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें किल्ली मागूं नये, हें मात्र आम्ही आग्रहानें म्हणतों.

आतां पाहुण्याचा धर्म. तत्त्ववेत्त्या कांटनें १७९५ मध्यें शाश्वत शांततेवर एक निबंध लिहिला. त्यांत त्यानें परकी मनुष्याचा एक हक्क सांगितला आहे: दुसऱ्याच्या भूमीवर आल्याबद्दल त्याला शत्रूसारखें वागविलें जाऊं नये. पण हा हक्क भेट देणाराचा आहे, घरच्या माणसाचा नव्हे, हें सांगावयास तो विसरला नाहीं. कोनिग्सबर्ग सोडून तो स्वतः फारसा कोठें गेला नाहीं, ही गोष्ट निराळी. भेटीचा हा हक्क आज युरोपानें बऱ्याच उदारपणें मान्य केला आहे. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गांवीं १४ जून १९८५ रोजीं झालेला करार २६ मार्च १९९५ पासून अमलांत आला. आज त्यांत २९ देश आहेत, आणि एका परवानगीवर १८० दिवसांत ९० दिवस त्या सर्वांतून हिंडतां येतें. यजमानानें दार इतकें उघडल्यावर पाहुण्याच्या बाजूचें काय? आपल्याकडे अतिथीचें स्वागत कसें करावें याचा उपदेश उदंड आहे. अतिथीनें कसें वागावें, याविषयीं आपण क्वचितच बोलतों.

आल्प्स पर्वतांतील गॉटहार्डची खिंड घ्या. तेथील रस्त्याचा बोगदा १९८० मध्यें झाला. त्याची लांबी सुमारें १७ किलोमीटर. उन्हाळ्यांतल्या सुटीच्या दिवशीं त्याच्या तोंडाशीं मोटारींच्या लांबच लांब रांगा लागतात, आणि त्यांचा धूर व आवाज त्या अरुंद खोऱ्यांतील लोकांना सोसावा लागतो. स्वित्झर्लंडच्या मतदारांनीं २० फेब्रुवारी १९९४ रोजीं कौल दिला कीं, आल्प्समधून पलीकडे जाणारी मालवाहतूक रस्त्यावरून रुळांवर न्यावी. तो कौल मालमोटारींपुरता होता, प्रवाशांच्या मोटारींबद्दल नव्हता, हें खरें. परंतु यजमानाची इच्छा कळण्यास तो पुरेसा आहे. पुढें त्याच डोंगराच्या पायथ्यांतून ५७ किलोमीटर लांबीचा रेल्वेचा बोगदा काढला गेला आणि २०१६ मध्यें तो खुला झाला. झेरमाट या गांवांत मोटारींस मज्जाव आहे. त्या ताश येथें ठेवून पुढें आगगाडीनेंच जावें लागतें. व्हेनिसला आगगाडीचा पूल १८४६ मध्यें झाला आणि मोटारींचा १९३३ मध्यें. अजूनही मोटारवाल्यास शहराच्या कडेस गाडी सोडावी लागते, आणि आगगाडीचा उतारू मात्र स्टेशनच्या पायऱ्या उतरून थेट मोठ्या कालव्यावर येतो. ज्या घरांत जोडे दाराबाहेर काढण्याची चाल आहे, तेथें ते बाहेर काढावे, हें आपल्या मुलांस आपण शिकवितोंच.

आगगाडीच्या बाजूची आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. गॉटहार्डचा पहिला रेल्वेबोगदा १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत खोदला गेला. सुमारें दोनशें कामकरी त्यांत मेले, आणि त्यांत इटालियन मजुरांचा भरणा फार मोठा होता. १८७५ मध्यें गोशेनेन येथें संप करणाऱ्या मजुरांवर गोळीबार होऊन चौघे ठार झाले; बोगद्याचा कंत्राटदार लुई फाव्र हा स्वतः १८७९ मध्यें बोगद्यांतच मरण पावला. आमच्या बोरघाटाची कथा याच जातीची आहे. १८६३ मध्यें पुऱ्या झालेल्या त्या कामांत जे हजारों मजूर रोगराईनें आणि अपघातानें मेले, त्यांची नांवें पुणें-मुंबई जाणाऱ्या कोणास ठाऊक आहेत? रस्त्यांच्या बोगद्यांसाठींही माणसें मेलीं आहेत, हें आम्ही विसरत नाहीं. तरी काच वर करून स्वतःच्या मोटारींत बसलेल्या मनुष्यास आपण आपल्या बळावर चाललों आहों, असें सहज वाटूं लागतें. अनोळखी माणसांच्या शेजारीं बसून बोगद्यांतून जाणाऱ्यास तसें वाटणें थोडें कठीण जातें.

येथवर वाचून आम्हीं आगगाडीचें वकीलपत्र घेतलें आहे, असें कोणास वाटेल. म्हणून तिच्याविरुद्धचे आक्षेपही नोंदवितों. पहिला आक्षेप असा कीं, रूळ जेथें जातात तेथेंच सर्व जातात. जलद गाड्यांनीं माणसांचे लोंढे त्याच पांचसहा शहरांत आणून सोडले, आणि व्हेनिसनें तर २०२४ मध्यें, २५ एप्रिलपासून निवडक २९ दिवशीं, दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांकडून पांच युरो घेतले. मोटारीनें खेड्यांत जाणारा मनुष्य ही गर्दी थोडी तरी वांटून देतो, आणि त्याचे पैसे लहान खानावळींच्या हातीं पडतात. दुसरा आक्षेप वक्तशीरपणाचा. जर्मनींतील लांब पल्ल्याच्या गाड्या अलीकडे उशिराबद्दल त्याच देशांत थट्टेचा विषय झाल्या आहेत. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें साधारणपणें एक तासाच्या उशिरास तिकिटाची चौथाई आणि दोन तासांस निम्मी रक्कम परत मिळते. पण चुकलेली पुढची गाडी त्या पैशांनीं परत येत नाहीं. तिसरा आक्षेप अपंगांचा आणि तान्ह्या मुलांच्या आयांचा. त्यांच्यापैकीं कित्येकांना मोटार हेंच एकमेव स्वातंत्र्य असतें, आणि त्यांना सार्वजनिक वाहनाचा उपदेश करणें हा निर्दयपणा होय. हे तिन्ही आक्षेप आम्हांस मान्य आहेत.

चौथी गोष्ट आक्षेप नसून सावधगिरीची सूचना आहे. विजेवर चालणारी आगगाडी हवेंत फार थोडें विष सोडते, आणि एकट्या माणसाच्या मोटारीशीं तिची तुलनाच होऊं शकत नाहीं. मोटार चारपांच माणसांनीं भरलेली असली तर अंतर कमी होतें, पण नाहींसें होत नाहीं. तथापि मुंबईहून विमानानें गेलेल्या मनुष्यानें आगगाडीच्या तिकिटावर पर्यावरणरक्षक म्हणून मिरवूं नये. विमानाच्या जाण्यायेण्याचा भार तेथल्या सर्व फिरतीच्या भाराहून कितीतरी जड असतो. म्हणून उरलेल्या भागाचा विचार सोडून द्यावा असें मात्र नव्हे. मोठें कर्ज झालें आहे म्हणून लहान उधळपट्टी क्षम्य ठरत नाहीं.

मग करावें काय? आम्हांस सुचतो तो क्रम असा. देशाची सीमा ओलांडतांना आणि एका मोठ्या शहराहून दुसऱ्या मोठ्या शहरास जातांना आगगाडी धरावी. शक्य तेथें रात्रीची शयनगाडी घ्यावी. जर्मनीनें सोडून दिलेल्या अशा गाड्या ऑस्ट्रियाच्या रेल्वेनें डिसेंबर २०१६ पासून आपल्याकडे घेऊन चालविल्या, हें त्या देशाचें प्रवाशांवर एक ऋणच आहे. जेथें रूळ नाहींत आणि जेथलें सौंदर्यच विखुरलेलें आहे, अशा एखाद्या प्रांतांत तीनचार दिवस मोटार घ्यावी. ती ज्या गांवीं घेतली त्याच गांवीं परत करावी, आणि जुन्या शहरांच्या वेशीबाहेर ठेवावी. चालविण्यास घरांतला कोणी आपण होऊन तयार असेल आणि त्याची पात्रता असेल, तरच त्यानें चालवावी. आणि त्याचा एखादा दिवस भरपाई म्हणून राखून ठेवावा. पण या क्रमापेक्षांही महत्त्वाचें असें आम्हांस वाटतें कीं, निर्णयापूर्वीं दोघांना विचारावें. मंडळींत जो सर्वांत अशक्त असेल त्याला, आणि ज्याच्यावर सर्वांत अधिक काम पडणार असेल त्याला. तिसरा विचारण्याजोगा मनुष्य म्हणजे ज्याच्या गांवांतून आपण जाणार तो. त्याला विचारणें शक्य नसतें, म्हणून त्याच्या वतीनें आपणच विचार केला पाहिजे. या तिघांचीं उत्तरें मिळाल्यावर पैसा, वेळ आणि सामान यांचे हिशेब खुशाल करावे. ते आधीं केले म्हणजे माणसांचीं उत्तरें त्या आंकड्यांत दबून जातात, आणि तीं वर यावयास एखाद्या आजीला तोंड उघडावें लागतें. तसें तिला लागूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.